चाप ओढला, पण बार झाला नाही

श्वास स्थिरावलेला, साइटच्या कड्यात काळं वर्तुळ बरोबर मधोमध, बोट चापावर आलं आणि कानावर पडला नुसता ‘टक्’. .२२ रायफलीवर काही वर्षं काढलेल्या प्रत्येक नेमबाजाला हा आवाज ओळखीचा आहे. त्यानंतरच्या दोन सेकंदांत बहुतेक जण एकच गोष्ट करतात. बोल्ट सर्रकन मागे ओढायचा, काडतूस बाहेर टाकायचं, ‘राऊंड खराब आहे’ म्हणायचं आणि दुसरं भरायचं. एवढ्याशा हालचालीत सुरक्षितताही हातची जाते आणि बार का झाला नाही हे सांगणारा पुरावाही.

हा लेख ५० मीटर नेमबाजीत वापरल्या जाणाऱ्या .२२ बोरच्या सिंगल-शॉट बोल्ट रायफलीबद्दल आहे. तिला मॅगझीन नसतं, दर वेळी एकेक काडतूस हाताने भरायचं. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर प्रोनचं, म्हणजे पालथं पडून मारायच्या प्रकाराचं, सुवर्ण जिंकलं आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य मिळवलं, ते याच जातीच्या रायफलीने. तेव्हापासून बालेवाडी, वरळी, कोल्हापूर इथल्या रेंजवर ही रायफल शिकायला येणाऱ्यांची उत्सुकता वाढली आहे. त्यांच्या हाती निदानाची पद्धत यावी, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. सिंगल-शॉट रायफलीत बार होत नाही तेव्हा संशय सगळ्यात आधी काडतुसावर जातो, खरं म्हणजे तो सगळ्यात शेवटी जायला हवा.

काडतूस पेटतं कसं

आपण वापरतो ते .२२ लाँग रायफल काडतूस १८८७ पासून चालत आलेलं आहे आणि त्याची रचना आजही जवळपास तीच आहे. पितळेची पातळ पुंगळी, तिच्या तळाशी बाहेर आलेली पोकळ कड म्हणजे रिम, आत थोडी दारू आणि तोंडाशी शिशाची गोळी. मोठ्या बोरच्या काडतुसात तळाच्या मधोमध वेगळी टोपी बसवलेली असते. इथे तशी टोपी नाही. आघाताने पेटणारं मिश्रण ओलं असताना पुंगळीत घालतात आणि पुंगळी गरगर फिरवून ते रिमच्या पोकळीत पसरवतात. वाळलं की ते तिथे चिकटून राहतं. अशा काडतुसाला रिमफायर म्हणतात.

फायरिंग पिन या रिमवर आदळते. रिमच्या मागून पिन आणि पुढून चेंबरची कड, या दोघांच्या मध्ये पितळ चेपलं जातं, आतलं मिश्रण चिरडतं आणि पेटतं. म्हणजे बार होण्यासाठी तीन गोष्टी एकाच क्षणी जुळाव्या लागतात. पिनचा फटका पुरेसा जोरदार हवा. रिमला समोरून घट्ट टेकू हवा. आणि पिन जिथे आदळली नेमकं तिथे मिश्रण हवं. पुढे ज्या बिघाडांबद्दल लिहिलं आहे, ते बहुतेक या तिन्हींपैकी एकात बसतात. त्यातही टेकूचा मुद्दा लोक विसरतात. पिनचा जोर कितीही असला तरी काडतूस समोर सरकायला मोकळं असेल तर तो जोर काडतूस ढकलण्यात वाया जातो.

पहिली तीस सेकंदं

‘टक्’ झाला आणि बार झाला नाही, तर काहीही उघडायचं नाही. नळी लक्ष्याच्याच दिशेला, बोट चापावरून बाहेर, डोकं बोल्टच्या रेषेतून बाजूला. असं किमान ३० सेकंद थांबायचं. काही रेंजवर पूर्ण मिनिटभर थांबायला सांगतात. आपण ज्या रेंजवर आहोत तिचा नियम पाळायचा, त्यावर वाद घालायचा नाही.

कारण असं की मिश्रण कधीकधी उशिरा पेटतं. याला नेमबाज हँगफायर म्हणतात. .२२ मध्ये ते क्वचितच होतं आणि झालं तरी विलंब सहसा क्षणाचाच असतो. पण त्या क्षणी बोल्ट अर्धा उघडा असेल, तर पितळी पुंगळीला चेंबरचा आधार राहत नाही. ती फाटते आणि तिचे तुकडे हाताकडे आणि डोळ्यांकडे येतात. नेमबाजीचा चष्मा लावण्यामागचं हे एक मोठं कारण आहे. चष्मा न लावणाऱ्या मुलांना मी रेंजवर हे आवर्जून सांगतो आणि पुढेही सांगत राहणार आहे.

वेळ भरल्यावर बोल्ट हळू उघडायचा, चेहरा बाजूला ठेवून. काडतूस झेलायचं, उडवायचं नाही. त्याच्या रिमवर जे लिहिलेलं आहे ते आपल्याला वाचायचं आहे.

आवाज ‘टक्’चा होता की ‘फुस्स’चा

या मुद्द्यावर थोडं थांबायला हवं, कारण इथली चूक रायफल कायमची निकामी करू शकते.

कधीकधी मिश्रण पेटतं, पण पुंगळीत दारू नसते किंवा फारच थोडी असते. मिश्रणाच्या एकट्याच्या जोरावर गोळी पुंगळीतून सुटते, नळीत शिरते आणि मध्येच अडकून बसते. आवाज दबका येतो, धक्का जवळपास जाणवत नाही. कानावर इअरमफ, शेजारच्या लेनवर धडाधड बार चाललेले, अशा वेळी हा ‘फुस्स’ हमखास ‘टक्’सारखा वाटतो. नेमबाज समजतो मिसफायर झालं, म्हणजे काडतूस पेटलंच नाही. तो बोल्ट उघडतो, पुंगळी बाहेर येते, तो नवं काडतूस भरतो आणि चाप ओढतो. दुसरी गोळी पहिलीवर जाऊन आदळते. नळी आतून फुगते. फुगलेली नळी पुन्हा पूर्वीसारखी होत नाही, ती बदलावीच लागते.

ओळखायचं कसं? बाहेर आलेल्या वस्तूकडे बघायचं. शिशाची गोळी पुंगळीच्या तोंडाशी जागेवर असेल तर गोळी नळीत नाही, प्रश्न मिटला. हातात रिकामी पुंगळी आली आणि लक्ष्यावर नवं छिद्र नसेल तर काहीही भरायचं नाही. बोल्ट पूर्ण काढायचा आणि मागच्या बाजूने नळीतून उजेडाकडे बघायचं. गोल उजेड दिसला तर नळी मोकळी. अंधार दिसला, किंवा डोळ्यांवर भरवसा नसेल, तर क्लीनिंग रॉड अलगद घालून बघायचा. अडकलेली गोळी काढायचं काम रेंजच्या आर्मररचं. नळीच्या मापाचा रॉड आणि संथ दाब लागतो. हातोडी मारून गोळी काढायला गेलेल्यांनी आतल्या आट्यांवर चरे पाडून घेतलेले मी पाहिले आहेत.

खरंच मिसफायर झालं होतं का

आता अशी कारणं बघू ज्यांत रायफल आणि काडतूस दोघंही निर्दोष असतात. ही कारणं अनुभवी नेमबाजाच्या बाबतीतही घडतात, विशेषतः थ्री पोझिशनमध्ये. गुडघ्यावरून प्रोनला, प्रोनवरून उभं राहायला जाताना लय तुटते.

सगळ्यात साधं म्हणजे काडतूस भरलंच नव्हतं. सिंगल-शॉट रायफलीत हे सहज होतं. बोल्ट उघडला, पुंगळी निघाली, नजर मॉनिटरवर गेली, बोल्ट बंद झाला. अशा वेळी उघडल्यावर चेंबर रिकामं दिसतं. ‘एक्स्ट्रॅक्टरने, म्हणजे काडतूस ओढून काढणाऱ्या आकड्याने, ते पकडलं नाही, ते आत अडकलं असेल’ अशी शंका मग उगाच येते. काडतुसं भोकांत उभी ठेवायचा ठोकळा जवळ असतो, नेम धरण्याआधी त्यातली काडतुसं मोजायची सवय असेल तर ही शंका राहत नाही. दर शॉटला ठोकळ्यातलं एक भोक रिकामं झालंच पाहिजे.

दुसरं, रायफल कॉक झालेली नव्हती, म्हणजे पिन स्प्रिंग दाबून मागे अडकलेली नव्हती. इथे आवाजाकडे लक्ष द्यायचं. चाप ओढला आणि ‘टक्’ झालाच नाही, बोटाखाली चाप नुसता मेला असं वाटलं, तर पिन सुटलीच नाही किंवा आधीच सुटलेली होती. बऱ्याच मॅच रायफलींत बोल्टच्या मागच्या टोकाला कॉक झाल्याची खूण दिसते किंवा बोटाला लागते. ती बघायची. बोल्टचा दांडा पूर्ण उचलला नाही, अर्धवट उघडून बंद केला, तर स्प्रिंग भरत नाही. हा हाताचा दोष आहे.

पण दांडा पूर्ण फिरवूनही पिन अडकून राहत नसेल, बोल्ट बंद करतानाच पुढे सरकत असेल, तर गोष्ट गंभीर आहे. चाप फार हलका लावला गेला आहे किंवा आतली पकड झिजली आहे. ५० मीटर रायफलीला चापाच्या वजनाची किमान मर्यादा नाही, म्हणून काही जण तो हलका करत करत धोक्याच्या टोकाला नेतात. अशी रायफल एखाद दिवशी बोल्ट बंद करतानाच उडेल. ती तिथेच रिकामी करून बाजूला ठेवायची. चाप दुरुस्त होईपर्यंत तिच्यावर एकही गोळी नाही.

तिसरं, बार झाला, पण मॉनिटरवर शॉट दिसला नाही. इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर असं होतं. कागदाची किंवा रबराची पट्टी सरकलेली नसते, सेन्सर चुकतो, किंवा आपण चुकून शेजाऱ्याच्या लक्ष्यावर मारलेलं असतं. धक्का बसला होता का, पुंगळी गरम आहे का, तोंड काजळलेलं आहे का, हे बघितलं की शंका उरत नाही. यातलं काहीच मिसफायर नाही आणि यातल्या कशासाठीही बोल्ट खोलायची गरज नाही.

रिमवरचा ठसा

या शक्यता संपल्या, हातात न उडालेलं काडतूस आहे, गोळी जागेवर आहे. आता ते काडतूस आणि त्याच डब्यातली नीट उडालेली एक पुंगळी शेजारी शेजारी धरायची. साधं भिंग पुरे. घड्याळजी वापरतात ते डोळ्याला लावायचं भिंग मिळालं तर उत्तमच.

उडालेल्या पुंगळीवरचा ठसा बघा. त्याच्या कडा धारदार असतात, तो रिमच्या बाहेरच्या काठापर्यंत पोचलेला असतो आणि तळाशी पितळ सपाट चेपलेलं असतं. बहुतेक रायफलींचा ठसा आयताकृती किंवा चिंचोळा असतो. प्रत्येक रायफलीचा ठसा आपापला असतो आणि आपल्या रायफलीचा निरोगी ठसा कसा दिसतो हे सगळं सुरळीत असतानाच पाहून ठेवायला हवं. मी प्रत्येक नव्या रायफलीची एक उडालेली पुंगळी डबीत घालून, तारीख लिहून ठेवायला सांगतो. दोन वर्षांनी कुरबुर सुरू झाली की त्या एका पुंगळीची किंमत कळते.

आता न उडालेल्या काडतुसाकडे या.

ठसा अजिबात नसेल तर पिन पोचलीच नाही. रायफल कॉक नव्हती, किंवा पिनचं टोक तुटलं आहे, किंवा बोल्ट साफ करून परत जोडताना काही तरी चुकीचं बसलं आहे. यात काडतुसाचा काहीही संबंध नाही.

ठसा आहे, पण उथळ आहे, कडा मऊ आहेत. इथे फटका कमी पडला किंवा टेकू नव्हता. बहुतेक मिसफायर याच प्रकारात मोडतात.

ठसा खोल आहे, पण रिमच्या काठापर्यंत न जाता आतल्या बाजूला पडला आहे, किंवा एका अंगाने खोल आणि दुसऱ्या अंगाने उथळ आहे. पिनचं टोक झिजलं, तुटलं किंवा वाकलं असण्याची शक्यता मोठी.

ठसा शेजारच्या निरोगी पुंगळीशी तंतोतंत जुळतो, तरीही बार नाही. आता, आणि आताच, काडतुसावर संशय घ्यायला हरकत नाही.

यानंतर रेंज अधिकाऱ्याच्या परवानगीने एक चाचणी करता येते. तेच काडतूस अर्धा फेरा फिरवून, म्हणजे पहिला ठसा समोरच्या बाजूला जाईल असं, पुन्हा भरायचं आणि लक्ष्याकडे मारायचं. पहिला ठसा खोल होता आणि या वेळी बार झाला, तर रिमच्या त्या एका जागी मिश्रण नव्हतं एवढाच अर्थ. पहिला ठसा उथळ होता आणि या वेळी बार झाला, तर मात्र काडतूस निर्दोष ठरतं. पहिल्या फटक्याने ते चेंबरमध्ये पुढे सरकून नीट बसलं होतं, किंवा पहिला फटकाच अर्धवट होता. ‘दुसऱ्यांदा उडतं’ हे लक्षण ऐकलं की चेंबर आणि बोल्टकडे वळायचं. गोळी सैल झाली असेल, पुंगळी चेपली असेल किंवा रिम फाटल्यासारखी दिसत असेल तर ही चाचणी करायची नाही.

काडतूस पूर्ण आत बसलं होतं का

मॅच रायफलीचं चेंबर मुद्दाम घट्ट कापलेलं असतं. काडतूस आत सारताना शेवटच्या टप्प्यात गोळीचा पुढचा भाग नळीच्या आट्यांत थोडा रुततो. अचूकता त्यातूनच येते. पण म्हणूनच ते काडतूस अंगठ्याने किंवा बोल्टने शेवटपर्यंत दाबावं लागतं, अलगद सोडून चालत नाही.

या घट्ट जागेत मेण, काजळी आणि शिसं साचतं. पुंगळीचं तोंड जिथे येतं तिथे, चेंबरच्या पुढच्या टोकाला, कडक काळं कडं तयार होतं. नळी घासून लख्ख करणारे लोकही या कड्याला हात लावत नाहीत, कारण रॉडवरचा कापडी बोळा त्यावरून नुसता घसरून जातो. मग काडतूस केसभर बाहेर राहतं. बोल्ट बंद होतो, पण नेहमीपेक्षा जड. फटका पडतो, काडतूस आधी पुढे सरकतं, उरलेला जोर रिम चेपायला पुरत नाही. उथळ ठसा, बार नाही. दुसरा फटका मारला की बार.

खात्री करायची सोपी रीत म्हणजे बोल्ट बंद करताना हाताला काय लागतं ते रोज लक्षात ठेवणं. सरावाच्या सुरुवातीला दांडा सहज बसतो आणि शंभरेक गोळ्यांनंतर शेवटी बोट दाबून बसवावा लागतो, असं होत असेल तर चेंबर मळलं आहे. रायफलीच्या पुस्तिकेत सांगितलेलं द्रावण लावून, चेंबरच्या मापाच्या ब्रशने, मागच्या बाजूने ते साफ करायचं. ब्रश नळीतून पुढे-मागे घासत राहायचं काम इथे नाही. फक्त चेंबर साफ करायचं आणि कोरडं पुसायचं. एक्स्ट्रॅक्टरच्या खाचांत अडकलेले पितळेचे कण लाकडी काडीने काढायचे.

बोल्टचा दांडा शेवटपर्यंत खाली गेला नसेल तरही हेच लक्षण दिसतं. पिन सुटताना तिचा काही जोर दांडा खाली ओढण्यात खर्च होतो. मोठे हातमोजे घालून प्रोनमध्ये पडलेल्या नेमबाजाच्या हे लक्षात येत नाही.

न उडालेलं काडतूस बाहेर काढताना एक गोष्ट सांभाळा. गोळी आट्यांत रुतलेली असेल तर बोल्ट उघडल्यावर कधीकधी फक्त पुंगळी बाहेर येते, गोळी आतच राहते आणि दारूचे बारीक दाणे बोल्टच्या वाटेत, चापाच्या फटीत सांडतात. रायफल लगेच उभी धरायची नाही. तशीच आडवी ठेवून मदतीला हाक मारायची. आधी दाणे झटकायचे, मग गोळी रॉडने काढून घ्यायची. चापात अडकलेला एक दाणा पुढच्या आठवड्याभराच्या त्रासाला पुरतो.

बोल्टच्या पोटात

चेंबर स्वच्छ, काडतूस नीट बसलेलं, तरी ठसे उथळ येत असतील तर बोल्टकडे या. बोल्टच्या आत पिन, तिचा दांडा आणि स्प्रिंग. हे भाग जेवढे कोरडे राहतील तेवढे चांगले.

आपल्याकडे रायफलीची माया म्हणून तेल ओतायची सवय आहे. कोकणात आणि मुंबईच्या पावसाळ्यात गंजाची भीती असते, हे मान्य. पण बोल्टच्या आतलं तेल न जळलेल्या दारूचे कण, काजळी, धूळ हे सगळं धरून ठेवतं आणि काही महिन्यांत त्याचा चिकट राप होतो. एका क्लबच्या जुन्या रायफलीचा बोल्ट माझ्यासमोर उघडला तेव्हा स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये काळपट लोणी भरल्यासारखं वंगण होतं आणि त्यात पितळेचे कण चमकत होते. ती रायफल दर डब्यामागे दोन-तीन काडतुसं सोडत असे आणि सगळे काडतुसांच्या कंपनीला नावं ठेवत होते. बोल्ट धुतला, पुसला, पिनवर तेलाचं नखभर बोट फिरवलं. नवी स्प्रिंग नाही, नवं काडतूस नाही, त्याच डब्यातल्या उरलेल्या सगळ्या गोळ्या उडाल्या.

थंडीत हे जास्त जाणवतं, कारण वंगण घट्ट होतं. इथल्या उन्हाळ्यात सुरळीत चाललेली रायफल युरोपातल्या गार सकाळी अचानक कुरकुरते, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. स्पर्धेला परदेशी जाणाऱ्यांनी निघण्याआधी बोल्ट कोरडा करून घ्यावा.

स्वच्छ करूनही फरक पडला नाही तर स्प्रिंग. हजारो फटक्यांनंतर ती दमते. तिची लांबी नव्या स्प्रिंगशी ताडून बघता येते, आखूड झालेली लगेच दिसते. ती ताणून लांब करायची नाही, दोन दिवसांत पुन्हा बसते. मूळ मापाची नवी स्प्रिंगच घालायची. जास्त जोराची स्प्रिंग घालणं हाही उपाय नाही, त्याने पिनच्या टोकाचं आयुष्य कमी होतं आणि रायफलीला लागणारा हादरा वाढतो.

पिनचं टोक भिंगाखाली बघा. चरा, उडालेला कोपरा, गोल झालेली धार दिसली तर पिन बदलायची. कानशीने घासून आकार द्यायचा मोह टाळा. टोक कणभर आखूड झालं की उथळ ठशांचं दुखणं कायमचं मागे लागतं.

कोरडा सराव

रिकाम्या रायफलीने चाप ओढण्याचा सराव प्रत्येक चांगला नेमबाज करतो आणि करावाच. पण रिमफायर रायफलीत चेंबर रिकामं असताना पिनला थांबवायला रिम नसते. काही रायफलींत पिन चेंबरच्या कडेला पोचण्याआधी थांबेल अशी सोय केलेली असते, सगळ्यांत नाही. जिथे नाही तिथे पिन थेट पोलादी कडेवर आदळते आणि तिथे बारीक खड्डा पडतो. खड्ड्याच्या काठाचं पोलाद चेंबरच्या आत उचकटतं. मग काडतूस आत जाताना अडतं आणि नेमक्या पिनच्या समोरच रिमचा टेकू गेलेला असतो.

पुस्तिकेत स्पष्ट परवानगी नसेल तर कोरड्या सरावासाठी बनावट काडतूस वापरा. उडालेली पुंगळी वापरणार असाल तर दर फटक्यानंतर ती थोडी फिरवा, म्हणजे पिनखाली नवी रिम येईल. चेंबरची कड उचकटली असेल तर ते काम कसबी कारागिराचं आहे. काडतूस आणि बोल्टचं तोंड यांच्यातलं अंतर मापाबाहेर गेलं असेल तेही गेज असलेल्या माणसानेच तपासायचं.

दोष खरंच काडतुसाचा असेल तेव्हा

काडतुसं सदोष निघतात, हे खरं आहे. फिरवून पसरवलेलं मिश्रण रिमच्या एखाद्या भागात पोचत नाही. स्वस्त सरावी काडतुसांत हे जास्त दिसतं, महागड्या मॅच काडतुसांत फार क्वचित. वाळलेलं मिश्रण ठिसूळ असतं, त्यामुळे डबे आपटणं, गाडीच्या डिकीत सुटी काडतुसं महिनोन्महिने खडखडत ठेवणं चांगलं नाही. रिमफायर पुंगळीचं तोंड तेलाला पक्कं बंद नसतं, म्हणून तेलकट हातांनी काडतुसं हाताळणं किंवा चेंबरमध्ये तेल साठू देणं टाळायचं. आणि उन्हात उभ्या गाडीत डबा ठेवायचा नाही. गोळीवरचं मेण वितळतं, आणि ते मेणच गेलं तर गोळी नीट जात नाही.

खऱ्या सदोष काडतुसांची ओळख म्हणजे ती एकाच लॉटमधून येतात आणि ठसे खोल असतात. डब्यावरचा लॉट नंबर लिहून ठेवा. दुसऱ्या लॉटची काडतुसं त्याच रायफलीत बिनतक्रार उडाली आणि संशयित लॉट दुसऱ्या निरोगी रायफलीतही अडला, तर निकाल लागला. तो डबा विक्रेत्याकडे परत न्या, खोल ठशांची काडतुसं रेंजच्या ताब्यात असल्याची नोंद दाखवा. नुसतं ‘खराब आहेत’ म्हटलं तर कोणी ऐकत नाही.

एका वेळी एकच बदल

रायफल अडली की लोक घाबरून सगळं एकदम करतात. बोल्ट साफ, नवी स्प्रिंग, नवा डबा, चाप थोडा जड. रायफल सुधारते, पण कशाने सुधारली ते कळत नाही आणि सहा महिन्यांनी पुन्हा तोच खेळ. वहीत चार रकाने आखा: तारीख, लॉट, कितव्या गोळीला अडली, ठसा कसा होता. पंचवीस-पंचवीस गोळ्यांच्या मालिका मारा आणि दोन मालिकांच्या मध्ये एकच गोष्ट बदला. आधी चेंबर. मग बोल्ट. मग स्प्रिंग. काडतुसांचा लॉट सगळ्यात शेवटी.

कितव्या गोळीला अडली ही नोंद बोलकी असते. सुरुवातीच्याच दोन-चार गोळ्यांना अडून नंतर सुरळीत होत असेल तर वंगण घट्ट झालेलं. सुरुवात छान आणि शंभराव्या गोळीनंतर अडू लागली तर चेंबर मळतं आहे. कसलाच क्रम नसेल तर काडतूस किंवा पिन.

स्पर्धेच्या दिवशी

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बिघाडाचे दोन प्रकार मानतात, मान्य आणि अमान्य. काडतूस पेटलं नाही, गोळी नळीत अडकली, चाप ओढूनही यंत्रणा चालली नाही, हे साधारणपणे मान्य. काडतूसच भरलं नव्हतं, किंवा अधिकारी येण्याआधी नेमबाजाने बोल्टला हात लावला, हे अमान्य. म्हणून स्पर्धेत ‘टक्’ झाल्यावर पहिलं काम हात वर करायचं. नळी लक्ष्याकडे, बोल्ट बंद, आणि रेंज अधिकाऱ्याला बघू द्यायचं. सवलती, वाढीव वेळ, अंतिम फेरीतली तरतूद हे सगळं नियमपुस्तिकेच्या प्रत्येक आवृत्तीत थोडं बदलत असतं. स्पर्धेच्या आधी चालू आवृत्तीतला तो भाग प्रशिक्षकाबरोबर बसून वाचा. पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्निलच्या पात्रता फेरीत ६० गोळ्या होत्या आणि ५९० गुणांवर तो सातवा येऊन अंतिम फेरीत गेला. आठच जणांना जागा असते तिथे एका गोळीच्या गोंधळाला काय किंमत आहे, हे वेगळं सांगायला नको.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी नवी स्प्रिंग किंवा नवी पिन बसवू नका. बसवायची असेल तर दोन आठवडे आधी, आणि नंतर किमान काही डबे उडवून खात्री करून घ्या. सामानात एक जास्तीची पिन, एक स्प्रिंग, चेंबरचा ब्रश, भिंग आणि क्लीनिंग रॉड असू द्या.

न उडालेली काडतुसं कुठे जातात

हा भाग सगळ्यात दुर्लक्षित आहे. न उडालेलं काडतूस खिशात घालून घरी नेऊ नका, कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, पक्कड लावून उघडून बघू नका आणि लहान मुलांच्या हाती लागेल असं कुठेही ठेवू नका. त्यात दारू आहे, मिश्रण आहे आणि ते कधीही पेटू शकतं. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली दारूगोळ्याचा हिशेब परवानाधारकाला आणि क्लबला ठेवावा लागतो, त्या हिशेबात हे काडतूसही येतं. रेंजवर वेगळा, नाव लिहिलेला धातूचा डबा मागा. नसेल तर सेक्रेटरींना सांगून आजच ठेवून घ्या, आणि प्रत्येक न उडालेलं काडतूस आर्मररच्या हातात देऊन नोंदवहीत सही करा.